एकसष्ट नंबर

अहो,

दवाखान्यातून तुमच्या तीन वस्तू परत मिळाल्या. चष्मा, घड्याळ आणि गाडीच्या पेट्रोल टाकीचं झाकण. चष्मा आणि घड्याळ सिस्टरने लगेच हातात दिलं. झाकण मात्र उलटंपालटं करून बघत राहिली. "मावशी, हे काय आहे? तुमचंच आहे ना?" मी म्हटलं, "आमच्या गाडीचं आहे गं. हे तिचा रंग मॅच करायला घेऊन निघाले होते." तिने माझ्याकडे बाईचं डोकं फिरलंय अशा नजरेने बघितलं. तिचं तरी काय चुकलं? नवरा गेल्याचं कळून अर्धा तास झाला नव्हता आणि मी रंगाचं बोलत होते.

झाकण गुंडाळलं होतं आपल्या डब्याच्या नॅपकिनमध्ये, तो हळदीचा डाग पडलेला. दोन दिवस मी घरभर तो नॅपकिन शोधत होते, तुम्हाला विचारलंही होतं. "मला काय माहीत?" म्हणालात. शेवटचं खोटं बोलणं ते आणि तेही नॅपकिनसाठी. काय म्हणावं तुम्हाला!

तेरावं झालं. माणसं आली, जेवली, तुमचं कौतुक करून गेली. बदलापूरच्या वन्सं चार दिवस राहिल्या, त्याही गेल्या. आता सकाळी दोन कप चहा टाकते आणि दोन्ही मीच पिते, कोण ओतून देणार? दमलेय हो मी. रडून नाही दमले, रडायला वेळच कुठे मिळाला? ह्या कागदावर सही करा, त्या कागदावर सही करा, "मावशी, आधार कार्डाची झेरॉक्स", "मावशी, अजून एक झेरॉक्स". माणूस गेलाय हे सांगायला इतक्या झेरॉक्स लागतात हे मला ठाऊक नव्हतं.

निनाद पुण्याला परत जाताना गाडीभोवती दोन चकरा मारून आला. म्हणाला, "आई, बाबांची पद्मिनी मी नेतो. इथे उन्हात सडेल. पण त्याआधी अख्खी रंगवून घेऊ. लाल. म्हणजे ही मॅचिंगची कटकटच नको." पोराचं काही चुकत नाही. डाव्या दारावर हा एवढा ओरखडा, शिवमंदिराच्या वळणावर त्या रिक्षावाल्याने पाडलेला. बॉनेटवर तो हिरवट डाग. आणि आपल्या गाडीचा रंग तर कंपनीनेच कधीचा बंद केलाय. पण लाल? मी त्याला म्हटलं, "महिनाअखेरपर्यंत थांब. दाराचा रंग मी मॅच करून घेते. जमलं तर गाडी आहे तशीच ने. नाही जमलं तर लाल कर, काळी कर, मी एक शब्द बोलणार नाही." तो "बरं" म्हणाला, पण आईला आता काहीतरी उद्योग पाहिजे अशा सुरात.

त्याला काय सांगू? त्या बॉनेटवरच्या डागाचं मी तुम्हालाच कधी सांगितलं नाही, त्याला कुठे सांगत बसू?

सव्वीस वर्षं मी उल्हासनगरला मॅचिंग सेंटरमध्ये उभी राहिले. उभीच. बसायला स्टूल होतं, पण सेठना बसलेली बाई दिसली की त्यांच्या पोटात दुखायचं. बायका साडी घेऊन यायच्या, मी नुसती नजर टाकून ब्लाउजपीसचा गठ्ठा ओढायची. टू बाय टू कापडाचे दीडशेच्या वर शेड, सगळे नंबरनिशी तोंडपाठ. तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "हिला इंद्रधनुष्य दाखवलं तर ही खाली नंबर सांगत बसेल." मला आवडायचं ते, पण मी नाक मुरडायची.

आणि त्या धंद्याचा एकच नियम. कापड दारात नेऊन बघायचं. ट्यूबच्या उजेडात कुठलाच रंग खरं बोलत नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी मी हात धरून उंबऱ्यापर्यंत न्यायची. "ताई, उजेडात बघा, मग कापते. कापलेलं परत घेत नाही." दिवसातून पन्नास वेळा हे वाक्य. झोपेतही बोलायची म्हणे मी, तुम्हीच सांगायचात.

दिवाळीच्या आधी दुकान संपतासंपता पाय असे सुजायचे की चपलेत जायचे नाहीत. तेव्हा तुम्ही कारखान्यातून सुटलात की थेट गाडी घेऊन यायचात, भर बाजारात, दुकानासमोर. मागून रिक्षांचे हॉर्न. सेठ म्हणायचे, "लो भाभी, आपकी सवारी आ गयी. अब मेरा धंदा बंद." तुम्ही पुढच्या सीटसमोर देवघरातला जुना पाट आणून ठेवला होता, मला पाय वर ठेवता यावेत म्हणून. पाटावर पाय ठेवून मी अंबरनाथपर्यंत तुमच्याशी भांडत यायची. सगळ्या दिवसाचं गिऱ्हाइकांवरचं तुमच्यावर निघायचं. तुम्ही "हं, हं" करत गिअर टाकायचात.

आणि बदलापूरचे रविवार. वन्संकडे जायचं, एवढंच आपलं फिरणं. एकदा मी बिस्किट रंगाची साडी नेसून खाली आले तर तुम्ही गाडी पुसता पुसता थांबलात. "आज गाडीला मॅचिंग झालीस." लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर केलेलं कौतुक आणि तेही गाडीच्या मार्फत. मी म्हटलं, "गाडी मला मॅचिंग झाली म्हणा." तेव्हापासून तुम्ही तिच्या रंगाला चंदन म्हणायचात आणि मी बिस्किट. हे भांडण काही मिटलं नाही.

दुसरं भांडणही नाही मिटलं. आंब्याची फांदी पडून बॉनेटचा टवका उडाला तेव्हाचं. तुम्ही डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण काढून वाशूभाईकडे नेलंत, उल्हासनगरला, रंग बनवून घ्यायला. त्या झाकणाने जन्मात ऊन बघितलेलं नाही. म्हणून रंग आला नवाकोरा, झळझळीत. पत्र्याच्या तुकड्यावर लावून बॉनेटशेजारी धरलात तर म्हाताऱ्या बाईच्या कपाळावर नवीन टिकली. मी म्हटलं, "साडी दहा वर्षं धुतलेली असेल तर ब्लाउजपीस एक शेड फिका घ्यायचा असतो. गाडीचा आजचा रंग मिळवा." तुम्ही म्हणालात, "मला तिचा मूळ रंग पाहिजे." मी म्हटलं, "मूळ रंग तुमच्या डोक्यावर तरी राहिलाय का?" आठ दिवस बोलला नाहीत माझ्याशी. केसांवरून तुम्ही फार हळवे.

आठ दिवसांनी मात्र तुम्ही आपणहून आलात. मी नुकतीच दुकानातून आले होते, साडेसातचा सुमार. पंख्याखाली भिंतीला टेकून बसले होते, पाय पसरून. तुम्ही ते पेट्रोलच्या टाकीचं झाकण काढून आणलंत. "तू म्हणतेस तो आजचा रंग. बघ जरा तुझ्या त्या शेडच्या पुस्तकात. कोणता नंबर?" आणि लगेच म्हणालात, "आता नको, दमलीस. सकाळी उजेडात बघू."

तुम्ही म्हणाला होतात. सकाळी उजेडात बघू, हे तुम्ही म्हणाला होतात.

मला कसला माज आला कुणास ठाऊक. आठ दिवस बोलला नव्हतात त्याचा राग असेल. म्हटलं, "पंचवीस वर्षं हेच करतेय. मला सकाळ कशाला पाहिजे? आणा इकडे." शेडचं पुस्तक मांडीवर, झाकण हातात, वर ट्यूब. दोन मिनिटं बघितलं. "एकसष्ट. कापून न्या." तुम्ही खूश होऊन कात्री आणलीत.

वाशूभाईने तंतोतंत कापडासारखा रंग बनवला. बुवापाड्याच्या गणेश मिस्त्रीने बॉनेटला मारला. तुम्ही संध्याकाळी गाडी घेऊन आलात, तेव्हा मला काही वेगळं दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी केर टाकायला खाली उतरले तर उन्हात बॉनेटवर तळहाताएवढा हिरवट डाग. भाकरीवर बुरशी यावी तसा. मी केराची बादली हातात धरून तिथेच उभी राहिले. एकसष्ट नंबरमध्ये पिस्त्याची झाक आहे, दुकानातल्या नवीन मुलींनाही मी पहिल्या दिवशी शिकवायची ते. ट्यूबखाली ती झाक दिसत नाही, म्हणून तर दारात जायचं.

वर आले. तुम्ही दाढी करत होतात. आरशातूनच विचारलंत, "बघितलास का रंग? कसा झालाय?"

"छान झालाय," मी म्हटलं.

"मलाही छान वाटतोय," तुम्ही म्हणालात.

बस्स. त्या दोन वाक्यांवर आपण सहा वर्षं काढली.

मला वाटायचं, तुम्हाला दिसलं नसेल. मग वाटायचं, दिसलंय आणि तुम्ही मनात धरून बसलात. वन्संनी एकदा विचारलं, "दादा, हा हिरवा डाग कसला रे?" मी आत चहा गाळत होते. तुम्ही म्हणालात, "अगं, कापडावरचा रंग पत्र्यावर बदलतो. कापड वेगळं, पत्रा वेगळा." ते मला असं झोंबलं म्हणून सांगू! मला वाटलं, टोमणा मारला मला. ब्लाउजपीस विकणारीने गाडीत नाक खुपसू नये असं. जो विचारेल त्याला तुमचं तेच, कापड वेगळं, पत्रा वेगळा. त्यानंतर तुम्ही रंगाचं मला कधी विचारलं नाहीत आणि मीही ठरवलं, मरू दे ती गाडी. तुम्ही रविवारी तिला पुसायचात तेव्हा मी मुद्दाम मिक्सर लावायची.

तर आता तुमचं झाकण घेऊन मीच बसले. शेडचं पुस्तक काढलं, सेठनी कधीकाळी घरी न्यायला दिलेलं, निम्मे तुकडे निसटलेले. या वेळी सकाळी दहाला, गाडीशेजारी, उन्हात. गणेश मिस्त्रीला फोन केला होता. तो म्हणाला, "काकू, आधी दाराला पॉलिशचं कंपाउंड घासा. जुन्या रंगावर पावडर धरते, तिला मॅच कराल तर फसाल." मग पंचा घेऊन घासत बसले. पांढरी भुकटी निघाली आणि खालून आपला बिस्किट आला. चंदन म्हणा हवं तर, आज भांडत नाही.

घासताना एक लक्षात आलं. या वेळीही तुम्ही बाहेरचंच झाकण नेलं होतंत, उन्हातलं. कप्प्याचं नाही. म्हणजे माझं पटलं होतं ना? आजचा रंग मिळवायचा हे पटलं होतं! मग सांगायला काय झालं होतं, जीभ झिजली असती?

चौसष्ट नंबर निघाला, अहो. एकसष्टच्या खाली तिसरा. ऊन असलं की आंधळ्यालाही कळेल इतका सरळ.

शेअर रिक्षाने उल्हासनगरला गेले. दुकानाच्या गल्लीकडे बघितलंही नाही, सरळ वाशूभाईकडे. त्याला काहीच माहीत नव्हतं. "भाभी, साहेब कुठे आहेत? पंधरा-वीस दिवसांमागे मंगळवारी फोन केला, वाशूभाई, झाकण घेऊन निघतोय म्हणाले. मैं राह देखता रहा." मी सांगितलं. डबा ढवळायची काठी त्याच्या हातातच राहिली. मग त्याने मला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि स्वतः उभा राहिला. म्हणाला, "साईं, ऐसा आदमी." आणि काठी पुन्हा डब्यात फिरवायला लागला.

मी चौसष्टचा तुकडा त्याच्या हातात दिला. तो उलटसुलट करून बघत हसला, डोळे पुसत पुसत. "ये बराबर कपडा है. पिछली बार साहेबांनी चुकीचा कापून आणला होता."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"त्यांनीच सांगितलं ना नंतर. मी बोललो, साहेब, कलर तो कपडे जैसा ही है, फिर गाडी पे हरा क्यूँ? तर बोलले, माझी चूक आहे वाशूभाई. बायकोने बरोबर नंबर सांगितला होता, मीच शेजारचा कापला. तिची नजर कधी चुकत नाही." वाशूभाई डब्यात रंग ओतत होता, माझ्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. "मी बोललो, सही वाला लाओ, दुबारा बना देता हूँ. तर बोलले, नको. परत रंगवली तर ती विचारेल का म्हणून. मग सांगावं लागेल. राहू दे तसंच." आणि मोठ्याने हसला. "इतना डरते थे भाभी आपसे!"

मीही हसले. दुसरं काय करणार? त्याला कुठे माहीत होतं की तुकडा तुम्ही माझ्यासमोर कापला होतात. नंबर मी सांगितलेलाच होता आणि तोच कापला होता. तुम्ही कुणाला घाबरत नव्हतात. गाडी परत रंगवली तर माझं चुकलं हे मला कळेल, म्हणून सहा वर्षं तो हिरवा डाग तुम्ही पुसत बसलात दर रविवारी, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात, कापड वेगळं, पत्रा वेगळा. मला झाकत होतात तुम्ही. आणि मी मिक्सर लावत होते.

मूर्ख माणूस. अहो, मला तर पहिल्याच सकाळी दिसलं होतं! तुम्ही मला कळू नये म्हणून गप्प आणि मी तुम्हाला कळू नये म्हणून गप्प. एकाने तरी तोंड उघडायचं. आयुष्यभर मिठावरून, पंख्यावरून, टीव्हीच्या आवाजावरून भांडलो आपण आणि जिथे भांडायला पाहिजे होतं तिथे दोघांची दातखीळ.

वाशूभाईने रंग बनवला. एक थेंब काळा, दोन थेंब पिवळा, अजून एक लाल. झाकणाच्या कडेला बोटाने लावला आणि झाकण माझ्या हातात द्यायला लागला. मी म्हटलं, "इथे नको, चला बाहेर." आम्ही दोघं झाकण घेऊन रस्त्यावर उन्हात उभे राहिलो, रंग सुकेपर्यंत. येणारे जाणारे बघत होते. सुकला आणि तो बोटाचा ठसा कुठे होता ते मला सापडेना. वाशूभाईलाही सापडेना. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर चढवून शोधत बसला असता.

गणेश मिस्त्री घरी येऊन गाडी घेऊन गेला. परवा त्याच्या गॅरेजात गेले, डावं दार झालं होतं. मी हात फिरवला, ओरखडा नाहीच. गणेशने काम चांगलं केलंय. म्हणाला, "काकू, रंग उरलाय. बॉनेटचा तो डाग पण मारून टाकू का? काकांना मी किती वेळा म्हटलं होतं, ते हातच लावू द्यायचे नाहीत."

तुम्ही सहा वर्षं जपलेलं ते. मला वाटलं, राहू दे म्हणावं, तुमची एवढी आठवण राहील. पण ती आठवण कसली? ते माझ्यावर घातलेलं पांघरूण होतं आणि आता मला त्याखाली गुदमरायला होतं. मी म्हटलं, "मारून टाक." आणि गॅरेजाबाहेर येऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.

काल गाडी घरी आली. आज सकाळी मी खाली उतरले, उन्हात बघितली. आंब्याची फांदी कुठे पडली होती ते आता मलाही सांगता येणार नाही. शनिवारी निनाद येईल, दोन चकरा मारेल आणि म्हणेल, "आई, कमाल केलीस, लाल नको आता." शेजारपाजारचे म्हणतील, काकूंची नजरच तशी. कुणाला काही दिसणार नाही, कुणी काही विचारणार नाही. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्हाला माहीत आहे, तरी मला माझ्या तोंडाने सांगायचंय.

तुम्ही कापड बरोबर कापलं होतंत. नंबर मी चुकीचा सांगितला होता. मी बसल्या जागेवरून सांगितला. आपल्या घरात पंख्यापासून दारापर्यंत चार पावलं आहेत, अहो. मी उठले नाही.